तिसऱ्या वेळचं स्केच : 'क्रिमियन' सिम्प्सनची गोष्ट

[पडद्यावर पांढरा डाग, इतका जवळून की कशाचा आहे तेच कळत नाही.]

हे पांढरं जे दिसतंय ना, तो बर्फ आहे. म्हणजे चित्रातला बर्फ. आणि गंमत अशी की इथे पांढरा रंग कोणी लावलेलाच नाहीये, हा नुसता कोरा कागद आहे. कॅमेरा जरा मागे घेतो, थांबा... हां. आता दिसायला लागले सैनिक, खांद्यावर लाकडी फळ्या घेऊन बर्फातनं चाललेत, झोपड्या बांधायला. साल १८५५, जागा क्रिमिया, म्हणजे काळ्या समुद्रातलं द्वीपकल्प, तिथल्या बालाक्लावा बंदराच्या वरचा भाग. बाकी सगळ्या चित्रावर एक फिकट मातकट छटा आहे, फक्त बर्फापुरती ती छटा खरवडून काढलीये आणि खालचा कागद उघडा ठेवलाय. झाला बर्फ.

हे चित्र ज्याचं आहे त्याचं नाव विल्यम सिम्प्सन. नाव ऐकलं नसेल तर लाजायचं कारण नाही, मीही नव्हतं ऐकलं. पण त्याच्या काळात लंडनमध्ये 'क्रिमियन सिम्प्सन' म्हटलं की लोकांना कळायचं. फोटो छापण्याची सोय नव्हती तेव्हा जगात कुठे काय चाललंय हे इंग्रजांनी ज्या थोड्या लोकांच्या डोळ्यांनी बघितलं त्यातला हा एक. आणि त्याच्या सगळ्या आयुष्यात एकच भानगड पुन्हापुन्हा दिसते, की याने जे बघितलं आणि शेवटी जे छापून आलं, त्याच्या मध्ये कोणीतरी उभा असायचाच. कधी एखादा लॉर्ड, कधी दुसराच कारागीर, कधी कंपनीचा दिवाळखोर हिशोब.

पण आधी दगड.

[चुनखडीचा गुळगुळीत दगड, त्यावर पाणी फिरवणारा हात.]

लिथोग्राफी म्हणजे आपली शिळाछाप. आपल्याकडे जुन्या लोकांच्या तोंडी 'शिळाप्रेस' शब्द असायचा, गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली पंचांग छापलं ते याच पद्धतीने. पद्धत शोधली जर्मनीतल्या अलोइस झेनेफेल्डरने, १७९६ ते ९८ च्या सुमारास, आणि तिचं सगळं रहस्य आपल्या स्वयंपाकघरात आहे, तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही, बास. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा चुनखडीचा दगड घ्यायचा, वाळू घालून दुसऱ्या दगडाने घासून घासून सपाट करायचा, मग मेण, चरबी, साबण आणि काजळी यांच्या कांडीने त्यावर थेट चित्र काढायचं. वरून डिंक आणि पातळ ऍसिडचं पाणी. मग दगड ओला करायचा आणि तेलकट शाईचा रूळ फिरवायचा, शाई चित्रावर बसते आणि ओल्या भागावरून सटकते. कागद ठेवा, दाबा, झालं. एकच अडचण, सगळं उलटं काढायचं. उजवा हात डावीकडे, अक्षरं आरशातली. छटा पाहिजे असेल तर तिच्यासाठी वेगळा दगड, आणि त्या दगडावर जिथे खरवडाल तिथे कागद पांढरा राहतो. सुरुवातीला दाखवलेला बर्फ तो हाच.

तर सिम्प्सन या धंद्यात आला तो काही कलेचं वेड वगैरे म्हणून नाही, पोट भरायला आला. जन्म २८ ऑक्टोबर १८२३, ग्लासगो. घरात गरिबी, बापाला दारू. लहानपणी काही दिवस आजीकडे पर्थला राहिला तेव्हा वर्षभरापेक्षा थोडी जास्त शाळा मिळाली आणि ती तेवढीच, नंतर आयुष्यात शाळा नाही. ग्लासगोला परत आल्यावर लिथोग्राफरकडे उमेदवारी, सात वर्षांची. अशा प्रेसमध्ये कलाबिला कमी, लेबलं, बिलाचे फॉर्म, नकाशे हेच जास्त. पण हा पोरगा संध्याकाळी कामगारांसाठीच्या व्याख्यानांना जाऊन बसायचा आणि सुट्टीच्या दिवशी पेन्सिल घेऊन जुन्या ग्लासगोच्या गल्ल्यांतनं फिरत घरं, जिने, पूल काढत बसायचा. त्या पेन्सिलच्या वह्या लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहेत.

१८५१ ला लंडन. तिथे डे अँड सन नावाची कंपनी होती, राणीची अधिकृत लिथोग्राफर, त्या काळातली या धंद्यातली मोठी पार्टी. सिम्प्सन तिथे लागला, हात चांगला होता, जम बसला. आणि मग १८५४ ला ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरलं. एका बाजूला ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान, दुसऱ्या बाजूला रशिया. लोकांना चित्रं पाहिजेत, ती पण लगेच, आणि सिम्प्सन लंडनमध्ये बसून पेपरातल्या बातम्या वाचून लढाया काढतोय! आल्माची लढाई अशीच काढली. धूर कुठे, टेकडी कुठे, कोण कोणत्या बाजूने आला, सगळा अंदाजपंचे कारभार. शेवटी कोल्नागी नावाच्या चित्रविक्रेत्या कंपनीनेच ठरवलं की बाबा, तूच जाऊन ये.

[समुद्र. काळे ढग.]

१५ नोव्हेंबर १८५४ ला हा बालाक्लावाला पोचला. आदल्याच दिवशी, १४ तारखेला, तिथे भयंकर वादळ झालेलं. जहाजं खडकांवर आपटून फुटलेली, 'प्रिन्स' नावाचं जहाज बुडालं त्यात सैन्याचे हिवाळ्याचे कपडे होते. म्हणजे सिम्प्सनने क्रिमिया पहिल्यांदा बघितलं ते असं, फुटक्या लाकडांनी भरलेलं बंदर, आणि वर टेकडीवर पुढचा हिवाळा त्या कपड्यांशिवाय काढायचा असलेलं सैन्य.

आता ज्या एका प्रसंगासाठी हे युद्ध इंग्रजांच्या डोक्यात पक्कं बसलंय तो घडून गेलेला. २५ ऑक्टोबरला लाइट ब्रिगेड नावाचं घोडदळ चुकीच्या समजुतीतून थेट रशियन तोफांच्या तोंडात घुसलं. पुढे होता लॉर्ड कार्डिगन. सिम्प्सन पोचला तीन आठवड्यांनी, पण लंडनला हे चित्र पाहिजेच होतं. मग काय, जागा बघितली, ज्यांनी पाहिलं होतं त्यांना विचारलं, आणि स्केच बनवलं.

आणि ते घेऊन गेला खुद्द कार्डिगनकडे.

कार्डिगनसाहेब कुठे होते? बंदरात, स्वतःच्या यॉटवर. बाकी लष्कर चिखलात तंबू ठोकून, साहेब बोटीवर. असो. साहेबांनी स्केच बघितलं आणि म्हणाले सगळं चुकलंय. सिम्प्सन परत गेला, पुन्हा काढलं, पुन्हा घेऊन आला. पुन्हा तेच, चुकलंय. तिसऱ्यांदा काढून आणलं आणि साहेब एकदम खूश, तोंड भरून कौतुक. सिम्प्सनने हे पुढे स्वतःच्या आठवणींत सरळ लिहून ठेवलंय, की खरी गोष्ट एवढीच होती की तिसऱ्या वेळी मी साहेबांना ब्रिगेडच्या पुढे ठळक दिसतील असे काढायची जास्त काळजी घेतली.

मला हा माणूस इथे आवडला. एक तर त्याने तडजोड केली, कारण धंदा होता आणि चित्र मंजूर करून घ्यायचं होतं, आणि दुसरं म्हणजे ती तडजोड लपवली नाही. ते तिसरं स्केच दगडावर गेलं, छापलं गेलं, भिंतींवर लागलं. पहिल्या दोन स्केचेसमध्ये साहेब नेमके कुठे होते, कोण जाणे.

त्यानंतर सेव्हास्तोपोल या क्रिमियातल्या रशियन बंदर-शहराच्या वेढ्याचे महिने. सिम्प्सन तिथेच होता, १८५५ च्या सप्टेंबरमध्ये शहर पडेपर्यंत. रॉजर फेंटन हा फोटोग्राफर पण त्याच वर्षी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा भरलेली गाडी घेऊन आला होता. पण तेव्हाच्या कॅमेऱ्यात हललं की गेलं, त्यामुळे फेंटनच्या फोटोत माणसं पोझ देऊन बसलेली किंवा नुसती रिकामी दरी आणि तोफगोळे. हालचाल पाहिजे तर पेन्सिलच. सिम्प्सनची चित्रं बघा, एकात तोफखान्यात धुरानं काही दिसत नाही आणि त्याचं नाव 'बॅटरीतला गरम दिवस', तर दुसऱ्यात रात्री तिथेच सैनिक शांत पडून आहेत. एकात रस्त्यावर रसदीच्या गाड्या चिखलात रुतल्यात आणि जनावरं मरून पडलीत. शीर्षक काय, तर 'रसद विभागाच्या अडचणी'. सरकारी भाषेत खवचटपणा कसा करावा हे यावरून शिकावं.

ही चित्रं 'द सीट ऑफ वॉर इन द ईस्ट' नावाने दोन भागांत आली, सुमारे ८० लिथोग्राफ, राणी व्हिक्टोरियाला अर्पण. तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलमधल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं चित्र पण यातच आहे. आणि इथे एक मजा झाली, की जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रं दगडावर चढवत होता, त्याची वॉटरकलर्स आता लंडनमध्ये दुसरे कारागीर दगडावर चढवत होते. म्हणजे मध्ये अजून एक हात आला. सिम्प्सनला याचा त्रास झाला असेल का, माहीत नाही, पण दगडाला काय झेपतं आणि काय नाही हे डोळे मिटून सांगणारा माणूस होता तो, त्यामुळे चित्रं काढतानाच त्या हिशोबाने काढत असणार असं आपलं मला वाटतं.

एक गोष्ट जाता जाता. त्याच १८५५ साली त्याच छावणीच्या आसपास एक हिंदुस्थानी माणूस येऊन गेला, अझीमुल्ला खान, नानासाहेब पेशव्यांचा वकील. लंडनला नानासाहेबांच्या पेन्शनची दाद मागायला गेला होता, ती फेटाळली गेली, आणि परतताना हा गडी मुद्दाम क्रिमियाला इंग्रज कसे लढतात ते बघायला आला. टाइम्सचा बातमीदार रसेल त्याला भेटला आणि पुढे त्याने ते लिहिलं सुद्धा. सिम्प्सन आणि अझीमुल्ला भेटले असं मी म्हणत नाहीये. पण दोघंही तोच वेढा बघत होते, आणि दोघांच्याही वाटेत पुढे कानपूर होतं.

[१८५९. कलकत्त्याचं बंदर.]

१८५७ नंतर इंग्लंडमध्ये हिंदुस्थानबद्दल एकदम कुतूहल वाढलं. डे अँड सनने हिशोब मांडला. याआधी डेव्हिड रॉबर्ट्सच्या पॅलेस्टाइन-इजिप्तच्या लिथोग्राफांनी प्रचंड नाव कमावलं होतं, तसंच काहीतरी हिंदुस्थानचं काढू, २५० चित्रांचं. पाठवा सिम्प्सनला.

ऑक्टोबर १८५९ मध्ये तो कलकत्त्याला उतरला आणि व्हाइसरॉय कॅनिंगच्या लवाजम्याबरोबर वर निघाला. कानपूर, लखनौची फुटलेली रेसिडेन्सी, आग्रा, दिल्ली, थेट पेशावरपर्यंत. कॅनिंग ठिकठिकाणी दरबार भरवत होता, जे इंग्रजांच्या बाजूने राहिले त्या राजांना मानपान, आणि सिम्प्सन ते काढत होता. हे सरळ बोलायला पाहिजे, ही जिंकणाऱ्यांच्या तंबूत बसून काढलेली चित्रं आहेत. लखनौचे पडके बुरूज काढले त्यात इंग्रजांचं दुःख आहे, शहरातल्या लोकांचं काय झालं ते त्या चित्रांत शोधू नका. पण दरबारातून सुटला की हा माणूस वेगळाच. देवळाच्या दारावरचं कोरीवकाम, विणकर, बाजार, सतलजच्या खोऱ्यातली लाकडी देवळं, तिबेटच्या हद्दीपर्यंत पायी गेला आणि तिथे पहिल्यांदा प्रार्थनाचक्रं फिरताना बघितली. ते चक्र डोक्यात बसलं ते कायमचं.

१८६२ ला परत. आणि मग चार वर्षं घरात बसून २५० वॉटरकलर्स पूर्ण केली. चार वर्षं! आधीची फिरस्ती धरली तर आयुष्यातली सात वर्षं या एका कामात गेली. रोख पैसे किती हातात आले विचाराल तर फारसे नाहीच, कंपनीने त्याला पैशांऐवजी शेअर दिले होते. आणि कंपनी आतून पोखरलेली होती.

१८६७ मध्ये डे अँड सन बुडाली. बुडाली म्हणजे सगळं सामान लिलावात, दगड, मशीन, टेबलं आणि सिम्प्सनची २५० चित्रं सुद्धा. कायद्याने ती कंपनीचा माल होती ना. शेअर म्हणजे कागदाचे कपटे. 'इंडिया एन्शंट अँड मॉडर्न' नावाचं पुस्तक निघालं खरं त्या वर्षी, पण २५० पैकी ५० चित्रं, रंगीत लिथोग्राफ म्हणून, बरोबर जॉन विल्यम के याचा मजकूर. बाकीची कुठे कुठे पांगली. सिम्प्सनने पुढे लिहिलंय की ही माझ्या आयुष्यातली मोठी आपत्ती. कार्डिगनचा किस्सा सांगताना हा माणूस हसतोय असं वाटतं, पण इथे हसू नाही.

त्यात अजून एक वेळेची थट्टा बघा. चित्रं पूर्ण होईपर्यंत रंगीत लिथोग्राफच्या महागड्या पुस्तकांची हवाच ओसरत चाललेली. लोकांना आता दर आठवड्याला स्वस्तात चित्रं मिळत होती, पेपरात.

मग हाही पेपरात गेला. इलस्ट्रेटेड लंडन न्यूज, १८४२ ला सुरू झालेलं साप्ताहिक, सचित्र बातम्यांचं. वय त्रेचाळीसच्या आसपास, आणि इथून याचे पाय जमिनीला लागलेच नाहीत. सेंट पीटर्सबर्गला रशियन युवराजाचं लग्न, १८६८ ला इथिओपियातली मोहीम, जिचं सैन्य मुंबईहून हत्ती-खेचरांसकट निघालेलं, १८६९ ला सुएझ कालव्याचं उद्घाटन, आणि त्याच वर्षी जेरुसलेम. जेरुसलेमला चार्ल्स वॉरन नावाचा इंजिनिअर शहराच्या खाली विहिरींसारखे खड्डे खणून भुयारं शोधत होता, त्यात सिम्प्सन उतरला आणि मेणबत्तीच्या उजेडात ती भुयारं रंगवली. 

पेपरचं छपाईचं तंत्र पुन्हा वेगळं. इथे दगड नाही, लाकूड. बॉक्सवुडच्या छोट्या ठोकळ्यांची बोल्टने जोडलेली मोठी फळी, त्यावर चित्र उतरवायचं, मग बोल्ट काढून एकेक ठोकळा एकेका कोरणाऱ्याला द्यायचा, रातोरात कोरून घ्यायचा आणि पुन्हा जोडायचा. म्हणजे एका घोड्याचं तोंड एकाने कोरलेलं आणि शेपूट दुसऱ्याने. जुने अंक मिळाले तर भिंग घेऊन बघा, कधी कधी आभाळात एक बारीक सरळ पांढरी रेघ दिसते, तो ठोकळ्यांचा सांधा.

१८७० ला फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध. फ्रान्समधल्या मेत्स शहराच्या बाजूला हेरगिरीचा इतका संशय की वही काढून स्केच करताना दिसलात की पकडलंच. सिम्प्सनला पकडलं पण. मग याने काय करावं, सिगारेटच्या पातळ कागदांची पुडी घेतली आणि त्यावर चित्रं काढायला लागला, कोणी आलं तर वळून ओढून टाकायची, किंवा गिळायची. आपली चित्रं धूर करून उडवायची तयारी ठेवलेला चित्रकार! लिलावातून गेलेला माणूस होता म्हणा.

१८७२ मध्ये पेकिंग, चीनच्या तरुण बादशहाचं लग्न. मिरवणूक रात्रीची, आणि ती बघायची कोणालाच परवानगी नाही, परदेशी लोकांना तर घरातच बसा म्हणून सांगितलेलं. सिम्प्सन रस्त्याकडेच्या एका दुकानात लपून बसला आणि तिथून बघितली. तिथून पुढे जपान, मग पॅसिफिक ओलांडून कॅलिफोर्निया, तिथे लाव्हाच्या खडकांत मोडोक हे तिथले मूळ रहिवासी अमेरिकन लष्कराशी लढत होते ते काढलं, आणि पृथ्वीला फेरी मारून घरी.

८ नोव्हेंबर १८७५ ला प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला, त्या सगळ्या दौऱ्याला सिम्प्सन पेपरतर्फे होता. हत्ती, दरबार, रोषणाई, शिकार. मला त्या दौऱ्याची चित्रं फार काही ग्रेट वाटत नाहीत, सरकारी कार्यक्रम शेवटी सरकारी कार्यक्रमच.

त्यापेक्षा १८७७ बघा. हाइनरिख श्लीमान, ज्याने ट्रॉय शोधलं म्हणून जगभर गाजावाजा चाललेला. सिम्प्सन त्याची खोदकामं बघायला गेला, मायसीनी, ट्रॉय, इफेसस. आणि परत येऊन लिहिलं की ज्याला हे गृहस्थ ट्रॉयच्या राजा प्रायमचा राजवाडा म्हणतात त्या भिंती राजवाड्याच्या वाटत नाहीत. श्लीमान भडकला. आता विचार करा, एक वर्ष-सव्वा वर्ष शाळा शिकलेला लिथोग्राफर आणि समोर जगप्रसिद्ध पुरातत्त्ववाला. पण याने आयुष्यभर भिंतीच तर काढल्या होत्या. काढायच्या म्हणजे दगड कसा रचलाय ते बघावं लागतं.

दोन वर्षांनी अफगाणिस्तानच्या मोहिमेत पेपरचं काम करता करता जलालाबादजवळ अहिन पोश इथे याने एक बौद्ध स्तूपच खणून काढला. आत सोन्याची नाणी मिळाली, बहुतेक कुषाणांची, आणि त्यातच ट्राजानसारख्या रोमन बादशहांची पण. लढाईची बातमी द्यायला गेलेला माणूस हे करून आला. त्याच सालच्या मे महिन्यात इंग्रज आणि अफगाण अमीर यांच्यात गंडमकचा तह झाला, तोही काढला.

१८८१ मध्ये, म्हणजे सत्तावन्नाव्या वर्षी, लग्न केलं. मारिया एलायझा बर्ट, स्वतः पोर्ट्रेट काढणारी. लंडनच्या विल्सडेन भागात घर, एक मुलगी. तरी १८८४ ला पुन्हा अफगाण सरहद्द आखायच्या कमिशनबरोबर गेलाच, थंडी आणि वय दोन्ही न बघता.

आणि ते सतलजच्या खोऱ्यातलं चक्र? ते पस्तीस वर्षं डोक्यात फिरत होतं. १८९६ ला त्याने बौद्ध प्रार्थनाचक्रावर पुस्तक काढलं, चक्र आणि गोल फिरणं याचा वेगवेगळ्या धर्मांत काय अर्थ आहे याबद्दल. आपल्याला प्रदक्षिणा उजव्या हाताने घालायची हे कोणी शिकवावं लागत नाही, आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात पण विहिरीला, घराला सूर्याच्या दिशेने फेरी घालायची जुनी रीत होती. हा त्याच्या गावाकडचा धागा होता, आणि तो घेऊन हा हिमालयातल्या चक्रापर्यंत पोचला. सगळे निष्कर्ष आज टिकतील असं नाही, पण देवळात जाऊन लोक कुठल्या बाजूने वळतात एवढं बारीक बघणारा इंग्रजी पेपरचा चित्रकार मला तरी दुसरा माहीत नाही.

[पेन्सिलचं स्केच. दगडी जिना, वाळत घातलेले कपडे.]

आता त्या वह्या. १८४० च्या दशकात उमेदवारी करताना काढलेली ग्लासगोची पेन्सिल स्केचेस, ती त्याने जपून ठेवली होती. मधल्या काळात १८६६ च्या कायद्याने ग्लासगोने आपल्या जुन्या दाट गल्ल्या पाडायला काढल्या, घाण होती, रोगराई होती, पाडणं भागच होतं. म्हणजे म्हातारा सिम्प्सन वही उघडतो तेव्हा त्यातली कितीतरी घरं जमिनीवर उरलेलीच नाहीत. १८९० च्या दशकात त्याने ती स्केचेस समोर ठेवून वॉटरकलर्स केली, एकामागून एक. गल्लीचं तोंड, नदीकाठ, जिन्यावरची माणसं. कोणी लॉर्ड बघून गेला नाही, कोणी दुसऱ्याने दगडावर चढवलं नाही, ठोकळे कापले नाहीत. आणि या वेळी ती पांगली पण नाहीत, ग्लासगो शहरानेच ठेवून घेतली, अजून तिथल्या म्युझियमच्या संग्रहात आहेत.

१७ ऑगस्ट १८९९ ला विल्सडेनच्या घरी तो गेला. लंडनच्या हायगेट कब्रस्तानात पुरलाय.

[शेवटचं दृश्य : ग्लासगोच्या वॉटरकलरचा कोपरा, खूप जवळून.]

हे बघा, इथे रंगाच्या खालून एक पेन्सिलची रेघ दिसतेय, खिडकीच्या चौकटीची. जरा वाकडी गेलीये. वरून रंग देताना त्याने ती सरळ केली नाही.